एका बाजूला दोन दारं

कवळ्या बनवणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे ‘कवळीवाले’ म्हणत, आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागे त्यांची खोली होती. एक लांब टेबल, मेण मऊ करायचा दिवा, प्लास्टरच्या जबड्यांनी भरलेली फळी आणि खिडकीशी पॉलिश करायचं चाक. वय चौपन्न. लग्न केलेलं नाही. थोरली बहीण विधवा झाल्यावर परत आली, तेव्हापासून दोघं वरच्या मजल्यावर राहत. कवळीवाल्यांचं बोलणं बेताचं; पण गाडीचा विषय निघाला की पाऊण तास तरी समोरच्याची सुटका नसे.

गाडी एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी सालची होती. ती बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती, आणि या नमुन्याच्या जेमतेम साडेअकराशे गाड्या रस्त्यावर आल्या होत्या. बसकं नाक आणि त्यावर दोन गोल, वर आलेले दिवे, म्हणून लोकांनी तिचं नाव बेडकी ठेवलं. सीटच्या कापडावर जांभळे आणि करडे त्रिकोण. वेग दाखवणारे हिरवे आकडे, जे उन्हात अजिबात दिसत नसत. स्टिअरिंगच्या शेजारी एक डबी आणि तिच्यावर सात बटणं, सातही वेगळ्या आकारांची. पण बेडकीची खरी ख्याती होती ती दारांमुळे. चालवणाऱ्याच्या बाजूला एकच लांब दार आणि पलीकडच्या बाजूला दोन. तेव्हाच्या वर्तमानपत्रांनी तिची यथेच्छ टिंगल केली होती. एकाने लिहिलं होतं की गाडीचा नकाशा काढणारा अर्ध्यावर जेवायला उठला आणि परत आलाच नाही.

कवळीवाल्यांनी ती एकोणीस वर्षांपूर्वी एका कोंबड्यांच्या शेडमधून ओढत आणली होती. आत पिसं होती आणि मागच्या सीटवर अंडी. इंजिन सुरू व्हायला दोन वर्षं लागली. अशा चमत्कारिक गाड्या पाळणाऱ्यांचं एक मंडळ होतं, चाळीसेक माणसांचं, आणि मंडळात कवळीवाल्यांना मान होता. बेडकीची बटणं उन्हाने तडकत आणि नवी कुठेच मिळत नसत. कवळीवाल्यांनी त्यांचे साचे घेतले आणि कवळीच्याच अ‍ॅक्रिलिकमध्ये ती ओतली. पहिली खेप हिरड्यांच्या गुलाबी रंगाची झाली, कारण घरात तोच रंग होता. नंतर त्यांनी काळा रंग जमवला, तरी मंडळातल्या दोघांनी हट्टाने गुलाबीच ठेवली.

एका मंगळवारी दुपारी डॉक्टरीणबाईंनी एका म्हातारीला मागच्या खोलीत पाठवलं. वय अठ्ठ्याहत्तर, कवळी पडून दोन तुकडे झालेले. सोबत चाळिशी ओलांडलेली लेक. तासाभराचं काम होतं. म्हातारी तोंडावर रुमाल धरून स्टुलावर बसली, लेक दाराशी मोबाइलमध्ये. कवळीवाले तुकडे जुळवत होते. टेबलाच्या कडेला नुकती ओतलेली बटणं वाळत होती.

म्हातारीने त्यातलं एक उचललं, उजेडात धरलं आणि काहीतरी बोलली. दात नसल्याने शब्द नीट कळले नाहीत. कवळीवाल्यांनी मान वर केली. तिने पुन्हा सांगितलं, सावकाश.

“हे उलटं केलंय तुम्ही. चंद्रकोरीचं तोंड खाली पाहिजे.”

कवळीवाले म्हणाले की हे गाडीचं बटण आहे, आणि अस्सल बटणावरून साचा घेतलाय.

“मग ते आधी कुणीतरी उलटं चिकटवलं असणार. मीच काढलंय ते.”

“कुठून काढलंत?”

“कागदावर,” म्हातारी म्हणाली.

कवळीवाल्यांनी चिमटा खाली ठेवला. दाराशी लेकीनेही मान वर केली. तिला एवढंच ठाऊक होतं की आई कुठल्याशा कारखान्यात नकाशे काढायची आणि ती शाळेत असताना कारखाना बंद पडला. पुढे आईने बावीस वर्षं नगरपालिकेत गटारांचे नकाशे काढले, आणि घरात नकाशांविषयी कोणी कधी काही विचारलं नाही.

कवळी बसवून झाल्यावर म्हातारी स्पष्ट बोलू लागली. हो, बेडकीचा अंतर्भाग आणि दारं काढायचं काम तिच्याकडे होतं. सात बटणांचे आकार वेगळे कशासाठी, यावर मंडळात वर्षानुवर्षं वाद चालू होते. कुणी त्यात संगीताचे सात स्वर पाहिले होते. तिने सांगितलं की प्रत्येक बटणामागे दिवा द्यायचा होता, खर्च वाचवायला वरिष्ठांनी दिवे वगळले, आणि अंधारात बोटांना कळावं म्हणून तिने आकार बदलले. चंद्रकोर काच पुसणाऱ्या पात्याची. पातं जसं फिरतं तसाच तिचा बाक.

कवळीवाल्यांनी त्यांना रविवारी सकाळी गाडी बघायला यायचं आमंत्रण दिलं. “काकू, नक्की या,” असं ते तीनदा म्हणाले. लेकीला वाटलं, आई नाही म्हणेल. आई म्हणाली, बघू या.

शनिवारी त्यांनी बेडकी दोनदा धुतली. ताईने वरून पाहिलं आणि विचारलं, मुलगी दाखवायची आहे की काय.

रविवारी काकू आल्या, काठी टेकत गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या की बॉनेटची फट अजून तेवढीच मोठी आहे. सीटचं कापड आपलं नव्हे, ते विक्रीवाल्यांनी घातलं, हेही त्यांनी बजावलं. कवळीवाले त्यांच्या मागे मागे चालत होते. शेवटी त्यांनी तो प्रश्न विचारला. तीन दारंच का?

“वेळ नव्हता,” काकू म्हणाल्या. पत्रा दाबून दार बनतं, त्याला डाय, म्हणजे पोलादी साचा, लागतो, आणि तो घडवायला महिने जातात. गाडी प्रदर्शनात ठेवायची तारीख ठरलेली होती. मागच्या दोन दारांपैकी एकाचाच डाय वेळेत होणार, असं वर्कशॉपने कळवलं. म्हणून एकच दार.

कवळीवाले हं म्हणाले. काकूंना चहा दिला, लेकीशी दोन शब्द झाले, आणि त्या गेल्या.

दुपारी ते नीट जेवले नाहीत. ताईने काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाले, काही नाही, डाय वेळेत झाला नाही. ताईला त्यातलं काही कळलं नाही. एकोणीस वर्षं कवळीवाले असं मानत आले होते की या गाडीमागे कुणीतरी शांतपणे, सगळ्या जगाच्या विरुद्ध विचार केलेला आहे. त्यांच्या स्वतःच्या कामात तसा विचार करायला जागा नव्हती. माणसाच्या तोंडात जे बसतं तेच बनवावं लागतं. पुढचे तीन आठवडे त्यांनी बेडकी बाहेर काढली नाही.

अडचण आणखी एक होती. मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त ग्रंथपाल, यांनी तिसऱ्या दारावर चव्वेचाळीस पानांची पुस्तिका लिहिली होती. घराला पुढचं आणि मागचं दार असतं, दोन्हींचा स्वभाव वेगळा असतो, आणि हे तत्त्व गाडीत प्रथमच आणलं गेलं, असं तिचं सूत्र होतं. पुस्तिका मंडळात सगळ्यांकडे होती. कवळीवाल्यांनी त्यांना फोन करून काय ते सांगून टाकलं. त्यांनी सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग ग्रंथपाल म्हणाले, त्यांना मेळाव्याला घेऊन या. काकूंनी विचार करायला पंधरा दिवस घेतले आणि होकार कळवला, पण अट घातली: सत्कार नको, भाषण नको, आणि खुर्ची सावलीत हवी.

मेळावा एका बंद पडलेल्या बस डेपोच्या आवारात भरला. तिसाहून अधिक गाड्या आल्या होत्या, सगळ्या बेडकीच्या आगेमागच्या चार-पाच वर्षांतल्या. एकीचं कापडी छप्पर दुकानाच्या शटरसारखं गुंडाळलं जायचं. एकीच्या आरशात घड्याळ होतं. एक गाडी दार उघडं राहिलं की बाईच्या आवाजात तक्रार करायची. तिचा मालक दार मुद्दाम उघडं ठेवून लोकांना ती ऐकवत होता. माणसं वाकून, गुडघ्यावर बसून, कधी पाठीवर झोपून एकमेकांच्या गाड्या बघत होती आणि स्क्रूंच्या डोक्यांवरून वाद घालत होती. या लोकांना वेगाचं, अश्वशक्तीचं फारसं कौतुक नसतं. कुणीतरी कधी काळी एखादी विचित्र गोष्ट करून पाहिली आणि तिला कारखान्याचा दरवाजा ओलांडू दिला, याचं त्यांना अप्रूप असतं.

काकूंना सगळ्यांत आवडली ती एक लालसर, चपटी गाडी. तिचे पुढचे दिवे बॉनेटच्या आत झोपलेले असत आणि बटण दाबलं की घुर्रर करत वर येत. त्यांनी ते पाच वेळा वर-खाली करून घेतले, मग बॉनेट उघडायला लावून आतली मोटर पाहिली. एकच मोटर दोन्ही दिवे उचलते हे बघून म्हणाल्या, हुशार माणूस दिसतो.

मग त्या सावलीतल्या खुर्चीवर बसल्या आणि लोक भोवती जमले. डायची गोष्ट त्यांनी जशी घडली तशी सांगितली, त्या रविवारी सांगितली होती त्याच शब्दांत. एकजण हसला आणि कुणी साथ दिली नाही तसा गप्प झाला. ग्रंथपाल पुस्तिका हातात धरून उभे होते. चेहरा उतरला होता, पण माणूस चिवट. त्यांनी विचारलं,

“एकच डाय होणार होता, तर दोन्ही दारं का नाही काढून टाकली? दोन दारांच्या गाड्या तेव्हाही विकल्या जातच होत्या.”

“साहेबांचं तेच म्हणणं होतं,” काकू म्हणाल्या. “दोन्ही काढा, सरळ दिसेल. मी म्हटलं, एक ठेवा.”

“का?”

काकूंनी हातातली काठी दुसऱ्या हातात घेतली. “आमच्याकडे तेव्हा दोन दारांची गाडी होती. मुलगी चार वर्षांची. रोज सकाळी पुढची सीट वाकवायची आणि तिला सामानासारखं मागे ढकलायचं. ऑफिसात मुलाला पाळणाघरात सोडून येणारी मी एकटीच. बाकीच्यांना मागे कोण बसतं ते माहीतच नव्हतं. साहेब म्हणाले, लोक हसतील. मी म्हटलं, हसू देत, पोर नीट बसेल. मग फुटपाथ ज्या बाजूला असतो ती बाजू धरली आणि अकरा दिवसांत त्या बाजूचा सगळा नकाशा पुन्हा काढला.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तशी अटच होती. लेक खुर्चीच्या मागे उभी होती. तिने आईच्या खांद्यावरची ओढणी सारखी केली, जी सारखीच होती.

कवळीवाल्यांना जाणवलं की आपण त्या रविवारी एकच प्रश्न विचारून थांबलो होतो. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि काकूंना विचारलं, चालवणार का. कंपनीत ड्रॉइंग ऑफिसातल्या कुणाला गाडी चालवायला देत नसत. ते काम चाचणीवाल्यांचं. काकूंनी आपण काढलेल्या डबीवर आजवर एकदाही बोट ठेवलं नव्हतं. आवार मोकळं करण्यात आलं. त्या आत बसल्या, सीट पुढे घेतली, गियर दोनदा कुरकुरला, आणि बेडकी सायकलच्या वेगाने डेपोच्या भिंतीपर्यंत जाऊन वळून आली. ऊन असल्याने आकडे दिसत नव्हते. वाटेत पाती एकदा काचेवरून फिरली. उतरल्यावर त्या म्हणाल्या की क्लच फार जड आहे, हे आपण तेव्हाच लिहून दिलं होतं.

परतीच्या वाटेवर लेकीने गाडी चालवता चालवता बरंच अंतर गेल्यावर विचारलं, हे सगळं आम्हाला कधी सांगितलं का नाहीस. आई म्हणाली, सगळे पेपर हसत होते, त्यात घरी आणखी काय सांगायचं. मग लेकीने विचारलं की तेव्हा बाबांनी ही गाडी का घेतली नाही. आईने उत्तर दिलं, “त्यांना रंग आवडला नाही,” आणि ती झोपी गेली. हे लेकीने पुढे ताईला सांगितलं, ताईने कवळीवाल्यांना.

ग्रंथपालांनी पुस्तिकेची दुसरी आवृत्ती काढली, अकरा पानांची. छापण्याआधी ती काकूंकडे पाठवली होती. त्यांनी लाल पेन्सिलने तीन ठिकाणी दुरुस्त्या केल्या आणि एका पानाच्या समासात लिहिलं, ‘इथे विशेषणं कमी करा.’ ग्रंथपालांनी ती कमी केली. पहिली आवृत्ती मात्र त्यांनी रद्द केली नाही. मेळाव्यात टेबलावर दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात, आणि लोक बहुधा दोन्ही घेतात.