वैशाखातला बर्फ

“बर्फ?” महांतेश साहेबांनी मोबाइल टेबलावर उपडा ठेवला. “बलभीम, जरा बाहेर बघ. काय दिसतं?”

“ऊन, साहेब.”

“कसलं?”

“कडक.”

“आणि हे लोक म्हणतात, बर्फाच्या भानगडीमुळं विमान उतरवता आलं नाही!”

खोलीतले सगळे हसले. बलभीमही हसला. साहेब हसले की हसायची त्याला सवय होती. पण साहेबांचं हसू लवकर संपलं आणि त्यांची नजर बलभीमवरच थांबली.

धाराशिवच्या बाहेर माळावर जी धावपट्टी आहे, तिथं बलभीम राखणदार होता. नोकरी ठेकेदाराची, आणि महांतेश साहेब त्या ठेकेदाराच्या वतीनं देखरेख करणारे. विमान रोज येत नसे. कधी कुणी पुढारी, कधी कुणी उद्योगपती. विमान यायच्या आधी सायकलवरून पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, कुत्री हाकलायची, दगड उचलायचे आणि परत येऊन फोनवर सांगायचं, ‘पट्टी मोकळी आहे.’ एवढंच काम. पण त्या एका वाक्यावर विमान उतरायचं, म्हणून बलभीमला त्या वाक्याचा अभिमान होता.

आदल्या दिवशीही तो तेच बोलला होता. एका कारखानदाराकडं उद्घाटनाला बडे पाहुणे येणार होते. फाटकाबाहेर हलग्या कडाडत होत्या, हार उन्हानं मलूल झाले होते. दुपारी विमान आलं. चाकं बाहेर काढलेली सगळ्यांना दिसली. खालून एक फेरी मारली, दुसरी मारली, आणि मग नाक वर करून ते पूर्वेकडं निघून गेलं. हलग्या हळूहळू बंद पडल्या. कारखानदाराचा चेहरा असा झाला, की त्याच्याकडं बघायची कुणाची छाती होईना. संध्याकाळी कळलं की विमान हैदराबादला उतरलं.

“खरं कारण मी सांगतो,” साहेब म्हणाले. “वैमानिकाला पट्टीवर काहीतरी दिसलं. पण तसं लिहिलं की चौकशी लागते. म्हणून लिहिलं, बर्फ. तुझ्या घरी मेंढरं आहेत ना?”

“हाईत. बायकोची हाईत.”

“मी सकाळी पूर्वेच्या टोकाला जाऊन आलो. कुंपणाची तार वाकलेली आहे. आत लेंड्या पडल्यात.”

बलभीमनं मनातल्या मनात पट्टी आठवली. पट्टी मधे थोडी उंच होती. फाटकापाशी उभं राहिलं की पूर्वेचं टोक दिसत नसे. तो सायकलवरून जाऊन आल्यानंतर विमान यायला बराच वेळ लागला होता. त्या वेळात तो गर्दी आवरत होता.

फाटकाबाहेर गोरोबाचा चहाचा गाडा होता. बलभीम बाहेर येताच गोरोबा ओरडला, “काय बलभीमराव, बर्फ वितळला का? जरा आमच्या सरबतात टाकायला तरी ठिवायचा की!”

“गप रं.”

“आता गप व्हय! आख्खं धाराशिव इच्यारायलंय, मेंढरं कुनाची व्हती म्हनून.”

* * *

गजराबाईची मेंढरं म्हणजे तिचा स्वतःचा संसार होता. लग्नात बापानं चार मेंढ्या आंदण दिल्या होत्या. त्यांच्या लेकी, लेकींच्या लेकी, असा कळप वाढत गेला. बलभीम नोकरीला लागला तरी तिनं काठी सोडली नाही. घरात अडीअडचण आली की बलभीमचा पगार महिन्याची वाट बघायचा; गजराबाईची मेंढी मात्र लगेच कामाला यायची.

बलभीम घरी आला तेव्हा ती मेंढरं वाड्यात कोंडत होती.

“गजरा, काल दुपारी कुठं व्हतीस?”

“कुठं म्हंजी? तारंच्या भायेर, लिंबाखाली. का?”

“मेंढरं आत गेली व्हती का?”

“न्हाय.”

“नीट आठव.”

“आठवायचं काय त्यात? कालचीच तर गोष्ट. न्हाय गेली.”

“मग आत लेंड्या कुनाच्या?”

“कंदीच्या तरी आसत्याल. तार वाकून साल झालं, तुमीच म्हनत व्हता सायबाला सांगतो म्हनून. लेंडीवर काय तारीख छापून येती व्हय?”

एरवी बलभीम हसला असता. त्या दिवशी त्याला वाटलं, ही फार पटपट बोलतेय. खरं बोलणारा माणूस एवढं तयार उत्तर देतो का? शक एकदा डोक्यात शिरला की समोरच्याचं गप्प बसणंही खोटं वाटतं आणि बोलणंही. काल संध्याकाळी ती लवकर घरी कशी आली? विमानाचं तिनं आपणहून काहीच कसं विचारलं नाही? तो एकेक गोष्ट उलटीपालटी करून बघत राहिला, आणि प्रत्येक गोष्ट त्याला तेच सांगू लागली.

देवापुढं भंडाऱ्याची वाटी होती. त्यांच्यात भंडारा उचलून जे बोललं जातं, त्यावर पुन्हा प्रश्न नसतो. वाटणीचं भांडण असो की चोरीचा आळ, भंडारा उचलला की विषय संपला. बलभीमनं वाटी आणून तिच्यापुढं धरली.

“उचल.”

गजराबाईनं आधी वाटीकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

“पोरं झाली, पोरांची लग्नं झाली. आजपातूर कंदी उचलाय लावला न्हाय तुमी.”

“आज लावतो. नोकरीचा सवाल हाय.”

“न्हाय उचलायची.”

“म्हंजी खोटं हाय.”

“म्हंजी न्हाय उचलायची. सांगितलं तेवढं पुरं न्हाय का?”

तिनं वाड्याची कवाडी लावली आणि आत जाऊन चूल पेटवली. बलभीमनं वाटी जागेवर नेऊन ठेवली. त्याच्यापुरता निकाल लागला होता.

* * *

साहेबांनी तोड काढली. “चौकशी मी वरच्या वर मिटवतो. पण घरात मेंढरं आणि धावपट्टीवर नोकरी, हे दोन्ही जमणार नाही. काय ते ठरव.”

बलभीमनं ठरवलं. मुरुमहून सिद्धाराम नावाचा व्यापारी टेम्पो घेऊन आला. गजराबाईनं भांडण केलं नाही. बलभीमला वाटलं होतं ती रडेल, शिव्या देईल. ती काहीच बोलली नाही, तेव्हा त्याचा शक आणखी पक्का झाला. चूक नसती तर बाई गप्प बसली असती का?

मेंढरं टेम्पोत चढेनात. सिद्धारामच्या माणसानं ओढलं, ढकललं, बलभीमनं काठी उगारली. मेंढरं एकमेकांत तोंडं खुपसून उभी. शेवटी सिद्धाराम म्हणाला, “अक्का, तुमी हाक द्या की एक डाव. उगं मुकी जनावरं मार खायलीत.”

गजराबाई ओट्यावरून उठली. फळीपाशी जाऊन तिनं ‘हुर्र, हुर्र’ केलं. म्होरकी मेंढी चालत आली, तिचा हात हुंगून वर चढली. तिच्या मागं बाकीची चढली. गजराबाईनं हात पदराला पुसला आणि ती घरात गेली.

त्यानंतर ती शेजारच्या शेतांत खुरपायला जाऊ लागली. घरात बोलणं होतं, पण कामापुरतं. ‘पाणी तापलंय.’ ‘लाइट गेली.’ बलभीमची नोकरी टिकली होती. फक्त आता तो ‘पट्टी मोकळी आहे’ म्हणाला की साहेब फोनवर विचारत, “नक्की? डोळ्यांनी बघितलंस?” आणि त्याला राग येई. आपण सांगतो ना, मग पुन्हा काय विचारायचं?

* * *

पाऊस सुरू झाल्यावर एकदा तसलंच छोटं विमान आलं. पाहुणे गाड्यांमधून निघून गेले आणि सहवैमानिक मुलगी पाय मोकळे करत फाटकाबाहेर आली. गोरोबाच्या गाड्यावर तिनं चहा मागितला. मराठी चांगली बोलत होती. नाव शिवांजली.

गोरोबाला राहवलं नाही. “म्याडम, उन्हाळ्यात एक इमान इथून माघारी गेलं बगा. बर्फ हाय म्हनले! आमी लई हसलो.”

“मीच होते त्यात.”

गोरोबाच्या हातातली गाळणी तशीच राहिली. बलभीम एक पाऊल पुढं आला.

“म्याडम, एक इच्यारू? खरं सांगा. मी कुनाला सांगत न्हाय. खाली काय दिसलं तुमाला?”

“खाली? काही नाही. वरच गडबड होती.” मुलीनं दोघांकडं पाहिलं. अशा चेहऱ्यांना घाईत सांगून चालत नाही, हे तिला कळलं असावं. तिनं कप खाली ठेवला. “मामा, तुमच्याकडं गारा पडतात ना? कधी पडतात?”

“चैत्र-वैशाखात. मागल्या साली गारांनी आमची दोन कोकरं मेली.”

“म्हणजे खाली कडक ऊन असताना वर ढगात बर्फ असतोच. त्यातून जाताना तो पंखांवर धरतो. धरू नये म्हणून इंजिनातली गरम हवा काढून पंखांत सोडायची सोय असते. ढगातून बाहेर आलं की झडप बंद करायची. त्या दिवशी झडप बंदच होईना. आम्ही दोन फेऱ्या मारल्या त्या त्यासाठीच.”

“मग गरम हवा गेली तर गेली,” गोरोबा म्हणाला. “त्यानं काय व्हतंय?”

“शेतात मोटर आहे? तिच्या पाइपाला मधेच एक भोक पाडलं, तर शेवटाला पाणी कसं येईल?”

“म्हाताऱ्याच्या...” गोरोबानं जीभ चावली. “लई बारीक.”

मुलगी हसली. “तसंच. हवा दुसरीकडं गेली की इंजिनाचा जोर कमी होतो. त्यात ऊन असलं की इंजिन आधीच दमलेलं असतं.”

बलभीमला तरीही पटत नव्हतं. “पर उतरायला जोर कशाला? खालीच यायचंय की.”

“नियम तिथंच आहे, मामा. चाकं टेकायला आली आणि समोर काही आडवं आलं, तर पुन्हा वर जाता आलं पाहिजे. तेवढा जोर हातात ठेवूनच खाली यायचं. ती हवा चालू असेल, तर किती वजन घेऊन उतरायचं याची मर्यादा कमी होते, वेग जास्त ठेवावा लागतो, पट्टीही लांब लागते. आमचं वजन त्या दिवशी बसत नव्हतं. उतरता आलंही असतं कदाचित. पण काही झालं असतं, तर मागं फिरता आलं नसतं. म्हणून हैदराबादला गेलो. तिथपर्यंत इंधन जळून वजन कमी झालं, आणि पट्टी लांब मिळाली.”

बलभीमनं हळूच विचारलं, “आडवं आलं म्हंजी... मेंढरं?”

“मेंढरं, कुत्रं, काहीही. पण त्या दिवशी पट्टी स्वच्छ होती. फेरी मारताना मीच खिडकीतून बघत होते. कळप होता एक. पण कुंपणाच्या बाहेर, झाडाखाली. जवळ कुणीतरी उभं होतं. लाल लुगडं होतं, म्हणून लक्षात राहिलं.”

गोरोबानं बलभीमकडं पाहिलं. तो फडकं घेऊन गाडा पुसू लागला.

विमान गेल्यावर बलभीमनं साहेबांना फोन लावला. सगळं सांगितलं. गारा, झडप, मोटरीचा पाइप.

“बरं, बरं,” साहेब म्हणाले. “झालं गेलं. तुझी नोकरी शाबूत आहे ना? मग?”

* * *

गजराबाई ओट्यावर बसून चातीवर लोकर कातत होती. उन्हाळ्याच्या आधी कातरलेली लोकर एका पोत्यात शिल्लक होती. चाती गरगर फिरत खाली जायची, ती सूत गुंडाळून पुन्हा वर घ्यायची.

बलभीम पायरीवर टेकला.

“आज त्या इमानातली बाई आली व्हती. पट्टी मोकळी व्हती म्हनली.”

“व्हय.”

“मेंढरं भायेर व्हती म्हनली. झाडाखाली. तुजं लुगडं बी दिसलं तिला.”

“म्या बी तेच म्हनलं व्हतं.”

तिला सगळं नीट कळावं म्हणून त्यानं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. वैशाखात ढगात बर्फ कसा असतो, झडप कशी अडकली, जोर कसा कमी पडतो. गजराबाईनं मधे एकदाही अडवलं नाही. त्याचं सांगून संपलं, तेव्हा तिनं चाती थांबवली.

“तिनं भंडारा उचलला का?”

बलभीमनं वर पाहिलं.

“न्हाय न्हवं? तरी पटलं तुमाला.”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला काहीतरी उत्तर देता आलं असतं. मुरुमला जाऊन सिद्धारामला विचारतो, निदान म्होरकी तरी परत मिळते का बघतो, असं तो पुटपुटला.

“कापली आसंल आता,” ती म्हणाली. “ऱ्हाऊ द्या.”

ती पुन्हा कातू लागली. बाजूला पिंजलेल्या लोकरीचे पेळू ठेवलेले होते. थोडेच उरले होते. हातातला संपत आला तशी ती पुढचा घ्यायला वाकू लागली, तेव्हा बलभीमनं एक पेळू उचलून तिच्यापुढं धरला.

चाती खाली गेली, वर आली. पुन्हा खाली गेली. त्याचा हात तसाच पुढं राहिला.

“एवढी सरली की झालं,” गजराबाई लोकरीकडं बघत म्हणाली, आणि तिनं त्याच्या हातातून तो पेळू घेतला.