समासातला ‘दि.’

खोलीत सहा कपाटं होती, त्यांतलं एक उघडत नव्हतं. दोनशे चौदा खोकी, अकराशे अडतीस फोटो, तिकिटाला भोक पाडायचे तीन चिमटे, बसमधली एक घंटी दोरीसकट, आणि दाराशी टेबलावर भेट देणाऱ्यांची वही. वहीत वर्षभरात नऊ सह्या. त्यांतल्या दोन, मीटर बघायला आलेल्या वायरमनच्या.

ही यादी केली मोजणीबाईने. रसायनशास्त्राची पदवी घेऊन आठ महिन्यांपूर्वी ती वाचनालयाच्या माडीवरच्या या संग्रहात कामाला लागली होती. संग्रह होता जुन्या बस डेपोचा आणि त्याच्याभोवतीच्या वस्तीचा. डेपो बंद पडून वीस वर्षं झाली होती. लोकांनी घरातले फोटो, कागद आणून दिले आणि मग दिल्याचंही विसरून गेले. मोजल्याशिवाय तिला चैन पडत नसे, त्यामुळे खऱ्या नावाने तिला तिथे कुणीच हाक मारत नव्हतं.

“शनिवार-रविवार प्रदर्शन कर,” वाचनालयाचे सेक्रेटरीकाका म्हणाले होते. “शंभर सह्या झाल्या तर खोली तुझी. नाहीतर सोमवारी इथे टेबल टेनिस. खोकी तळघरात.”

“तळघरात ओल आहे, काका. फोटो वर्षभरही टिकणार नाहीत.”

“म्हणून तर शंभर म्हणालो. दोनशे म्हणालो नाही.”

तिने एकच फोटो मोठा करून मधोमध लावला. डेपोच्या कर्मचाऱ्यांचा, तीन रांगा, त्रेचाळीस चेहरे. नावांची यादी तिच्या आधी संग्रह सांभाळणाऱ्या मास्तरांची होती. सहा वर्षांपूर्वी गुडघे बोलू लागले तसे ते लेकीकडे राहायला गेले. अक्षर मोत्यासारखं. अकरा नावांपुढे समासात ‘दि.’ आणि पुढे मोकळी जागा. तिने त्या अकरा जणांची वयं काढली. सगळे पंचाहत्तरीच्या पुढचे. अंदाज जुळला. त्या अकरा चेहऱ्यांखाली चिकटवायला तिने अकरा चिठ्ठ्यांवर ठळक अक्षरांत ‘दिवंगत’ छापलं. यादी इतकी स्वच्छ होती, की मास्तरांना विचारावं असं काही तिच्या मनात आलंच नाही.

शनिवारी चार वाजेपर्यंत बारा सह्या झाल्या. पाच कमिटीतल्यांच्या. तेरावी समोरच्या सलूनवाल्याची. त्याने फोटो पाहिला, हसू दाबत सही केली आणि दोन-दोन पायऱ्या उतरत खाली गेला. पाचच मिनिटांत जिन्यावर काठी वाजली.

“कोण म्हणतं मी मेलो?”

दारात एक उंच म्हातारे उभे होते. खालच्या खोलीत रोज खिडकीशी बसून पेपर वाचणारे. आठ महिने ती रोज त्यांच्या खुर्चीला वळसा घालून माडीवर येत होती.

“आजोबा, आपण कोण?”

“मागची रांग, डावीकडून चौथा. ड्रायव्हर. दिवंगत.”

तिचा चेहरा खर्रकन उतरला.

“आणि दिवंगत असून दर पंधरवड्याला केस कापायला येतात,” मागून सलूनवाला म्हणाला. “केस उरलेत कुठे, ते सोडा.”

“तू गप्प बस रे. अगं पोरी, मारायचं तर मारा, पण निदान आमच्या हिला विचारून तरी! ती आत्ता चहा टाकून बसलीय.”

सेक्रेटरीकाका धापा टाकत वर आले. “नाक कापलंस आमचं! काढ ते सगळं आणि कुलूप लाव.”

“एक फोन करते, काका. मग लावते.”

मास्तरांनी दुसऱ्या घंटीला उचलला. “‘दि.’? अगं, दिनांक! ज्यांना बसून आठवणी सांगायच्या होत्या ना, त्यांच्यापुढे लिहिलं. भेटीची तारीख ठरली की भरायची. मग माझे गुडघे...” मग त्यांनीच विचारलं, “भेटलीस का त्यांना?”

तिने फोन ठेवला. कुलूप हातात होतं. ते तिने खणात टाकलं. अकराही चिठ्ठ्या सोलून काढल्या, त्या जागी कोरे कागद लावले आणि दोरीने पेन्सिल बांधली. मग खाली जाऊन फाटकाजवळच्या फळ्यावर खडूने लिहिलं: ‘आम्ही अकरा माणसांना चुकून दिवंगत लिहिलं. त्यांतले किती हयात आहेत, आम्हाला माहीत नाही. वर येऊन सांगा.’

“स्वतःची फजिती फळ्यावर कोण लिहितं?” काकांनी कपाळाला हात लावला.

“चूक झाली ती लिहायलाच हवी, काका.”

बातमी सलूनमधून वस्तीभर झाली. रविवारी सकाळी नऊला ड्रायव्हरआजोबा इस्त्रीचा शर्ट घालून जिन्याच्या तोंडाशी उभे. बसची घंटी वाजवत म्हणायचे, “पुढे सरका, मागे जागा आहे!” अकराला एक ठेंगणे आजोबा आले आणि त्यांनी दोरी हिसकावली.

“ड्रायव्हरने घंटी वाजवायची नसते. ती कंडक्टरची.”

“हा बघा, दुसरा मेलेला आला!”

लोक भांडायला आले आणि पेन्सिल घेऊन थांबले. आमची आत्या सांगायची तो मामा हाच; छे, तो नव्हेच, टोपी बघा. पूर्वी सात चेहरे अनोळखी होते. दुपारपर्यंत पाचांची ओळख पटली. एक बाई मात्र बराच वेळ कोऱ्या कागदापाशी उभी राहिली.

“हे माझे सासरे. तीन वर्षांपूर्वी गेले,” ती म्हणाली. “मास्तर येणार, येणार म्हणत शर्टाच्या खिशात एक कागद ठेवायचे. काय काय सांगायचं, त्याचा.”

“कागद आहे अजून?” मोजणीबाईने विचारलं.

“शर्टच नाही राहिला, बाई.”

त्या बाईने कोऱ्या कागदावर पेन्सिलने सासरे गेल्याचं साल लिहिलं.

सहा वाजता मोजणीबाईने वहीतल्या दोन दिवसांच्या सह्या मोजल्या. एकशे आठ. ड्रायव्हरआजोबांनी जिवंत असल्याचा पुरावा म्हणून पाच वेळा सही केली होती; चार खोडल्या. कंडक्टरआजोबांच्या दोन, एक खोडली. एकशे तीन.

“भांडायला आलेलेही धरलेस?” काकांनी चष्म्यावरून पाहिलं.

“भांडणाची सही वेगळी नसते, काका.”

काकांनी वही उलटीसुलटी केली. “टेबल टेनिस खालच्या व्हरांड्यात लावू,” ते म्हणाले आणि एकेक पायरी उतरत निघून गेले.

तिने मास्तरांची मूळ यादी समोर घेतली. अकरा कोऱ्या कागदांपैकी सातांवर आता गेल्याचं साल होतं; चौघे हयात निघाले होते. बाहेर बाकावर दोघं आजोबा अजून घंटीवरून वाद घालत होते. त्यांना तिने सोयीचे दिवस विचारले. उरलेल्या हयात दोघांच्या घरच्यांनी दिवस सांगून ठेवलेच होते. मग तिने पेन उघडलं.

रविवार, सायंकाळी साडेसहा. ‘दि.’ असलेली नावं अकरा. तारीख भरली चार नावांपुढे. सात नावांपुढे जागा मोकळी.