दाजी अजून पडलेले नाहीत

माझ्या दाजींना तुम्ही पाडलंत. शिडीवरून, ओल्या फरशीवरून, लिफ्टच्या दारातून, जिथून म्हणून माणूस पडू शकतो तिथून पाडलंत, आणि आता म्हणता की हा माणूस पडतो. तुमच्या सुरक्षा खात्यात वरपासून खालपर्यंत एकालाही चित्र बघता येत नाही, हे मी इथे सरळ लिहिते. राग आला तर येऊ दे. मला तर कधीचा आलाय.

आधी झालं ते सांगते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बाई उगाच आग पाखडते.

मी पाट्या रंगवते. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, 'येथे गाडी लावू नये'च्या. तुमच्या खात्याने मला अपघातांची चित्रं काढायला बोलावलं. अट अशी की चित्रावर एक अक्षर नको, ज्याला वाचता येत नाही त्यालाही लांबून कळलं पाहिजे. डावीकडे चुकणारा माणूस, उजवीकडे बरोबर वागणारा. बरोबर माणसाचा साचा तुम्हीच दिलात, पत्र्याचा. त्याला नाक नाही, डोळे नाहीत, पाठ फळीसारखी. शिडी चढतानाही तो रांगेत उभा असल्यासारखा दिसायचा. चुकणारा माणूस मात्र मी माझा काढणार होते.

माणूस पडतो तो पायातून पडत नाही. आधी खांदा जातो. मग हाताची बोटं फाकतात, तिथे नसलेलं काहीतरी धरायला. तोंड सगळ्यात शेवटी घाबरतं, त्याला बातमी उशिरा पोचते. हे नुसतं मनाने काढलं की बाहुली होते. समोर जिवंत अंग लागतं. आणि तसं अंग आमच्या घरात एकाकडेच आहे, ताईच्या नवऱ्याकडे.

दाजी वायरमन आहेत. कारखान्यात उंच छतावरचे दिवे बदलायचं काम. आयुष्यात कधी साधी ठेच लागलेली नाही. तोल इतका पक्का, म्हणून तर पडण्याच्या ऐन क्षणाला त्यांना थांबून राहता यायचं. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर ते एका पायावर तिरके व्हायचे, ताई मागून कंबरेचा पट्टा धरायची आणि मी भराभर रेघा मारायचे. लवकर आटप गं, ताई म्हणायची, दूध उतू जाईल, आणि नवरा माझ्याकडे एकच आहे. यावर दाजींना हसू यायचं, आणि हसले की पडणं बिघडायचं.

शिडीचं चित्र मी असं मांडलं: दाजी चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात, अंग तिरकं, आणि खाली सगळी जागा मोकळी. अशी जागा सोडली की बघणाऱ्याचा डोळा माणसाच्या आधी तिथे जाऊन आपटतो. मोठे साहेब, ते चित्र समोर ठेवलं तेव्हा तुम्ही टेबलाची कड घट्ट धरली होतीत. मी बघितलंय. मग शिक्का मारलात आणि चित्रं शहरभर लागली.

तुमच्या पत्र्याच्या माणसाकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. लोकांनी दाजी पाठ केले.

सुरुवातीला आम्हीच हसलो. लिफ्टमध्ये दाजी शिरले की बाकीचे बाहेर पडायचे. शेजारीण चहाचा कप त्यांच्या हातात देईना, जमिनीवर ठेवून मागे सरकायची. न्हाव्याने गालाला साबण लावला, आरशात तोंड नीट बघितलं, वस्तरा मिटला आणि म्हणाला की आज नको, मला धंदा करायचाय. कुणीतरी धडपड्या नाव पाडलं ते चिकटलं. कारखान्यात ते वर चढले की खाली चौघं चादर ताणून उभे. दिवा लागला की लोक हिरमुसून पांगायचे.

मग तुमचा तपासनीस आला. दाजी तेव्हा शिडीवर होते आणि खाली भिंतीवर त्यांचंच चित्र. त्याने एकदा वर बघितलं, एकदा भिंतीकडे, परत वर. आणि दाजींचं काम बंद केलं. कारण काय, तर या माणसाचे अपघात खात्याच्या मंजुरीने जाहीर झालेले आहेत.

मी त्याच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिले.

"हे चित्र आहे," मी म्हटलं. "ते पडलेले नाहीत."

"तोंड त्यांचंच ना?"

"हो."

"आणि खांदा?"

"त्यांचाच."

"मग पडलं कोण?"

मी म्हटलं, त्यांच्या अंगावर एक ओरखडा दाखवा. तो म्हणाला, तो पुढच्या भागात येईल.

कारखान्याने सांगितलं की खात्याची परवानगी आणा, नाहीतर आम्ही दुसरा वायरमन बघतो. दाजी घरी बसले. घरातले धडधाकट दिवे काढायचे आणि परत लावायचे. ताई भांडी आपटत होती. ती बोलत नाही तेव्हा भांडी बोलतात.

मी एक नवं चित्र काढलं. या वेळी दाजी उजवीकडे, बरोबर माणसाच्या जागी. शिडी मधोमध, पाय भक्कम रोवलेले, खांदे एका रेषेत, दोन्ही बाजूंना सारखी जागा. डोंगर हलेल पण हा माणूस हलायचा नाही. तुमच्या खात्यात ते या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं आणि प्रत्येकाने विचारलं, याचा पुढचा भाग कुठाय? एका बाईंनी तर डोळ्यांवर हात घेतला. ज्याला हजारदा पडताना बघितलं, तो सरळ उभा दिसला की लोकांना तो पडायच्या आधीचा वाटतो. मी काढलेला सरळपणा तुमच्या डोळ्यात जाऊन वाकडा झाला.

शेवटी तुम्हीच म्हणालात, प्रत्यक्ष बघू. तुमच्या मोठ्या दालनात शिडी मांडली. दाजी इस्त्रीचा शर्ट घालून आले. हुकूम असा होता की चढावं आणि दिवा बदलावा. घरचा जिना चढावा तसे ते चढले, जुनी ट्यूब काढून काखेत धरली, नवी बसवली. दालन लख्ख उजळलं. वर कुणाचं लक्षच नव्हतं. सगळे शिडीखालच्या रिकाम्या फरशीकडे बघत होते. तिथे काही घडेना तेव्हा एकाने जांभई दिली. दाजींनी उतरायला पाय खाली घेतला आणि तपासनीस म्हणाला, थांबा.

हुकमात चढणं होतं, बदलणं होतं. उतरणं नव्हतं. ज्याच्यावर बंदी आहे त्याला खात्याच्या आवारात शिडीवरून उतरू दिलं आणि काही झालं, तर निस्तरणार कोण? मी विचारलं, वर ठेवून काही झालं तर? त्याने मला समजावलं की वर काही होत नसतं, जे होतं ते खाली होतं.

तेव्हापासून दाजी वरच आहेत. तुम्ही शिडीभोवती दोरी बांधलीत. शिपाई तिला वळसा घालून फायली नेतो, आता तर न बघताही वळतो. ताई काठीला डबा अडकवून वर देते आणि घरच्या गोष्टी खालून सांगते. नळ गळतोय. कारखान्यातून परत विचारणा झाली. "सासूबाईंचा फोन आला होता, तुम्ही कुठे आहात विचारत होत्या, तर मी म्हटलं, कामावर."

"खोटं नाही ते," दाजी वरून म्हणाले.

काल तुमचा माणूस माझ्या दारात. खात्याला म्हणे शिडीवर अडकलेल्या माणसाचं चित्र हवंय. आणि नमुना तयारच आहे.

मी गेले. पेन्सिल घेतली नव्हती. पण डोळे घरी ठेवून जाता येत नाहीत. दाजींचे खांदे उतरलेत. त्यांचे पडणारे खांदे मी कितीदा काढले, असे कधी काढले नव्हते. एक हात वरच्या पायरीवर, मान खाली ताईकडे. ती शिडीचे दोन्ही पाय धरून उभी, आणि दोघांच्या मध्ये नुसत्या पायऱ्या. चौकट याहून चांगली मांडता येत नाही, आणि मी ती काढणार नाही. काढली की तुम्ही शिक्का माराल, आणि मग तो माणूस कायमचा तिथे.

त्यांचा डावा पाय थरथरतोय. सोंग नाही ते, सोंग मला कळतं. सोंगात अंगठा मोकळा असतो, आता तो चपलेत रुतलाय. आयुष्यात पहिल्यांदा ते खरंच पडतील असं मला दिसतंय, आणि ते बघायचं चुकू नये म्हणून तुमचं दालन जेवणाच्या सुट्टीतसुद्धा रिकामं होत नाही. ताईने तपासनिसाला विचारलं, आता तरी उतरू द्याल का. त्याने तुमच्या खोलीकडे बोट दाखवलं. तुमचं दार लावलेलं.

मी त्याच दाराबाहेर उभी राहून शिपायाच्या पेनाने हे लिहितेय. मोठे साहेब, 'उतरू का' असं ते विचारताहेत. हो की नाही? त्यांना काय सांगू?