देवाच्या मुठीचे गाडगे

मित्रांनो, मी एक जुने, काळपट पडलेले मातीचे गाडगे आहे. नांदेडमधील एका इमारतीच्या बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या मागे, सध्या माझे वास्तव्य आहे. माझ्या बुडाला एक बुजवलेले भोक आहे. ते कुंभाराने ठेवलेले नव्हे. पुढे केव्हातरी पाडण्यात आले. एका घराची प्रार्थना मला मुखोद्गत आहे आणि त्या घरातील एकाही माणसाला ती आता येत नाही. असे का झाले, ते शांतपणे ऐका.

निलंग्याजवळच्या एका खेड्यात माझा जन्म झाला. ओढ्याकाठची चिकण माती, कुंभाराचे चाक आणि भट्टीची धग यांतून मी आकारास आले. बाजाराच्या दिवशी गंगम्मा नावाच्या एका वृद्धेने मला बोटाने वाजवून पाहिले, कान देऊन तो नाद ऐकला आणि पदराखाली घालून घरी नेले. गावात ख्रिस्ती कुटुंबे थोडीच होती. त्यांचे पत्र्याच्या छपराचे छोटे प्रार्थनामंदिर होते. गंगम्माचे घर त्याच्या मागेच होते.

तिने मला चुलीशेजारी ठेवले आणि नव्या सुनेला, साखराबाईला, बजावले, "हे पाण्याला न्हाई, ताकाला न्हाई. हे देवाच्या मुठीचं हाय."

त्या घराचा नित्यनेम असा होता. सकाळी स्वयंपाकासाठी धान्य काढले की पहिली मूठ ज्वारी माझ्यात पडे. ती घरातील सर्वांत लहान मुलाच्या हाताने टाकायची आणि टाकताना प्रार्थना म्हणायची. रविवारी ते धान्य मंदिरात जाई आणि तेथून ज्याची चूल थंड असेल त्याच्या घरी पोहोचे. अशी मूठ इतर घरेही काढीत, परंतु शब्द ज्याचे त्याचे निराळे असत. गंगम्माच्या घरातले शब्द असे होते: "देवा, आधी तुझी मूठ, मग आमचा घास. आज आमच्या माणसाला सांभाळ, आन् ज्याची चूल पेटली न्हाई त्याला इसरू नको." 'आमच्या माणसाला' म्हणायच्या जागी त्या दिवशी कोणाचे नाव घ्यायचे, ते मुलाने ठरवायचे.

साखराबाईचा मुलगा आनंदराज उभा राहू लागला, तेव्हापासून मूठ त्याची झाली.

"आगं साखरे, ह्याची मूठ तर बघ! चिमणीच्या चोचीत मावंल," गंगम्मा म्हणे.

एके सकाळी आनंदराजाने डोळे घट्ट मिटले आणि म्हटले, "देवा, आज माझ्या शेळीला सांभाळ."

"आरं, मानसं मेली का समदी? आजीचं नाव घे की!"

"तुझं उद्या घेतो. आज शेळी आजारी हाय."

साखराबाई तोंडाला पदर लावून हसली. "घेऊ द्या, आत्याबाई. देवाला शेळ्या बी कळत्यात."

मित्रांनो, त्या घरात श्रद्धा अशा रीतीने शिकवली जाई. कोणी प्रवचन देत नसे. हात दाण्यांत बुडे, ओठ हलत आणि दिवसाला आरंभ होई.

गंगम्मा निवर्तली तेव्हा मला दफनभूमीत नेण्यात आले. त्या घराची तशी रीतच होती. अंगणातील माती माझ्यात भरून न्यायची आणि सर्वांत लहान नातवंडाने पहिली मूठ शवपेटीवर टाकून घराचे शब्द म्हणायचे. आनंदराजाने ते एका दमात म्हटले आणि आजीचे नाव घेतले. मोठी माणसे ओक्साबोक्शी रडली. परतताना साखराबाई त्याला म्हणाली, "माझ्या वक्ताला तुझं लेकरू असंच म्हनंल. म्हंजे मी गेले तरी मूठ ऱ्हाईल." त्या दिवसापासून तिची एवढीच इच्छा उरली.

आनंदराज शिकला, नांदेडच्या रेल्वे कार्यालयात नोकरीस लागला. सौदामिनी नावाच्या सुशील शिक्षिकेशी त्याचा विवाह झाला आणि त्यांना ऋतुजा ही एकुलती एक कन्या झाली. पुढे साखराबाईला वैधव्य आले, दृष्टी मंदावली, तेव्हा मुलगा तिला घेऊन जाण्यास आला. तिने सारे सामान त्याच्या हाती दिले, मला मात्र मांडीवर घेऊन ती एसटीत बसली.

"आजी, लोणचं हाय का त्यात?" कंडक्टरने विचारले.

"न्हाई बाबा, रिकामं हाय."

"मग वर ठेवा की. मांडीवर कशाला?"

"रिकामं हाय म्हनूनच धरून बसले."

नांदेडच्या घरात ज्वारीचे दाणे नसत. पीठ पिशवीतून येई. साखराबाईने माझ्यात पिठाची मूठ टाकून पाहिली. थोड्याच दिवसांत त्याला पोरकिडे लागले. सौदामिनीने ते नम्रपणे काढून टाकले. "आत्याबाई, हे दर महिन्याला फोनवरून चर्चला पैसे पाठवतात. आपली मूठ चुकलेली नाही," ती म्हणाली. तिचे म्हणणे खरेच होते. आनंदराजाचे अर्पण कधी थांबले नाही. मात्र ऋतुजाने बापाला काही अर्पण करताना एकदाही पाहिले नाही. फोन खिशातून निघे आणि खिशात जाई, एवढेच तिला दिसे.

रविवारी ऋतुजाच्या क्लासची परीक्षा असे, म्हणून मंदिर सुटले. साखराबाईने विषय काढला की आनंदराज म्हणे, "माय, ह्या वर्षी दहावी हाय तिची." दहावी झाली आणि ऋतुजा डॉक्टरीच्या तयारीसाठी लातूरच्या वसतिगृहात गेली. तेव्हा तो म्हणाला, "एकदा नंबर लागू दे, मग तू म्हनशील ते शिकव. पोरगी कुठं पळून चालली का?"

"पोरगी न्हाई रे पळत," साखराबाई म्हणाली. "चालले मी."

त्याने ते हसण्यावारी नेले. तो श्रद्धाहीन नव्हता, निष्ठुर तर नव्हताच. जे आपल्याला आजीच्या मांडीवर नकळत मिळाले, ते मुलीला पुढे सवडीने एकदम देता येईल, असे त्याला प्रामाणिकपणे वाटत होते.

मी रिकामे पडून होते. मला टाकून देणे सौदामिनीच्या जिवावर आले, म्हणून तिने माझ्यात कोरफड लावायचे ठरवले. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाने ड्रिलने माझ्या बुडाला भोक पाडले. संध्याकाळी साखराबाईचे बोट त्या भोकात गेले.

"सौदामिनी, ह्यातनं मूठ गळंल की गं."

"आत्याबाई, आता यात मूठ टाकतं कोण?"

बोलून गेल्यावर सौदामिनीचा चेहरा उतरला.

गेल्या नाताळात ऋतुजा सुट्टीवर आली. साखराबाईने ज्वारी मागवली, स्वतःच्या हाताने कोरफड उपटली, मला धुतले आणि भोकात चिंधीचा बोळा कोंबला. बाल्कनीतील खुर्चीवर ती मूठ भरून बसली. "ये गं माय. हात धुऊन ये. तुला एक देयाचं हाय."

"आज्जी, आलेच! ऑनलाइन टेस्ट सुरू झालीय."

ऊन भिंतीवरून सरकत गेले. ऋतुजा आली तेव्हा आजीचा डोळा लागला होता. मूठ सैल होऊन दाणे फरशीवर सांडले होते. मुलीने ते हलकेच वेचून माझ्यात टाकले, आजीच्या अंगावर शाल घातली आणि कानाशी म्हटले, "पुढच्या सुट्टीत नक्की." दुसऱ्या दिवशी सकाळी ती लातूरच्या बसमध्ये होती.

पुढची सुट्टी साखराबाईला लाभली नाही. फाल्गुनाच्या उन्हात तिची शवपेटी गावी नेली. आनंदराजाने रीत आठवून मला सोबत घेतले होते. जुन्या अंगणातील माती माझ्यात भरली आणि ऋतुजाने मला कडेवर उचलले. चिंधी केव्हाच निघून गेली होती. दफनभूमीपर्यंतच्या वाटेवर माझ्यातून मातीची बारीक धार गळत राहिली आणि कोणाच्याही ते लक्षात आले नाही.

प्रार्थनामंदिराच्या वृद्ध पाळकांनी प्रार्थना केली आणि ते म्हणाले, "बाईच्या घरचे शब्द आता नातीनं म्हणावेत."

ऋतुजाने मातीची मूठ भरली आणि वडिलांकडे पाहिले. "पप्पा, काय म्हणायचं?"

आनंदराजाने डोळे मिटले. "देवा..." तो थांबला. पुन्हा म्हणाला, "देवा, आज माझ्या शेळीला..." पुढचे, मागचे काहीही त्याला येईना.

"पुढं काय, पप्पा?"

"आठवत न्हाई, बाळा. मायला ठावं होतं."

सौदामिनीने खाली पाहिले. ऋतुजाची मूठ बराच वेळ मिटलेली राहिली. मग तिने ती उघडली. माती शवपेटीवर पडली, शब्दावाचून.

मी तेथेच होते, मित्रांनो. मला तो शब्दन्शब्द ठाऊक होता. परंतु मातीला वाणी नसते.

ऋतुजाने परत आल्यावर माझे भोक सिमेंटने बुजवले. ती लातूरहून येते तेव्हा तांदळाच्या डब्यातून एक मूठ काढून माझ्यापाशी येते. तिचे ओठ विलग होतात आणि तसेच राहतात. मग ती मूठ माझ्यात सोडते आणि दार लावून घेते. आनंदराज आतून पाहतो, बाहेर येत नाही.

म्हणून माझे एक मागणे आहे. तुमच्या घरात कोणी वृद्ध आज हात पुढे करून बोलावत असेल, तर हातातले काम बाजूला ठेवून जा. त्यांच्या तोंडून ते शब्द ऐका आणि स्वतःच्या तोंडाने म्हणून दाखवा. आणि जे आता आईबाप झाले आहेत त्यांनी अर्पण करताना लेकराचा हात आपल्या हातात धरावा. बाल्कनीतली साखराबाईची खुर्ची शेजारच्या खोलीत नेली आहे. तिच्यावर आता इस्त्रीचे कपडे ठेवतात.