पाठ फिरवण्याची रीत

नवऱ्याला रंगेहाथ पकडायचंच, असं ओर्सोलाने ठरवलं होतं. व्हेनिसमध्ये कार्निव्हल, म्हणजे मुखवट्यांचा उत्सव, सुरू झाल्यापासून मार्कान्तोनियो जेवण उरकलं की काळा झगा आणि पांढरा मुखवटा चढवून एकटाच बाहेर पडायचा, आणि परतल्यावर कुणाशी धड बोलायचा नाही. संसारात मुरलेल्या बाईला एवढं पुरतं. त्या दुपारी डोकं दुखतंय म्हणून ती पडून राहिली, आणि त्याची होडी वळणाआड जाताच चुलतबहीण बेतीनाकडे पोचली.

बेतीनाने तिला आपला हिरवा रेशमी झगा दिला आणि वर मुका मुखवटा. काळ्या मखमलीचा, लांबट गोल, ना दोरी ना फीत. आतून एक बटण, ते दातांत धरायचं की मुखवटा चेहऱ्यावर बसतो.

"तोंड उघडलंस की मुखवटा खाली," बेतीना म्हणाली. "म्हणून तर हाच देतेय. नाहीतर तू पहिल्याच नाचात त्याच्या अंगावर धावून जाशील."

"नाही गं. ती सटवी कोण, तेवढं बघते फक्त."

"बघ, पण दात आवळून बघ हो बाई!"

कार्निव्हलभर सगळे मुखवटे जिथे लोटतात, त्या त्रेव्हान घराण्याच्या हवेलीत नाच ऐन रंगात आला होता. तिथे नाव सांगायचं नाही, विचारायचं नाही. सरदार असो की शिंपी, बाप्या असो की बाई, सगळ्यांना हाक एकच: "मुखवटेबाई!" पोट सुटलेल्या सेनापतीलाही वाकून "या मुखवटेबाई" म्हणायचं, आणि त्यानेही ते निमूट ऐकून घ्यायचं. चुकून कुणाचा मुखवटा सुटलाच, तर दाराशी उभा असलेला म्हातारा कारभारी काठी आपटायचा. काठी वाजली की झाडून सगळ्यांनी पाठ फिरवायची, आणि मुखवटा पुन्हा चढेपर्यंत मागे बघायचं नाही. जो बघेल त्याला या हवेलीचं दार कायमचं बंद, आणि मग हळूहळू व्हेनिसमधली बाकीची दारंही. आमची माणसं चर्चमध्ये खुशाल कुजबुजतील, पण हा नेम मोडायची त्यांची छाती नाही.

ओर्सोलाने नवऱ्याला चालीवरून ओळखलं. उजवा बूट फरशीला घासत चालायची खोड मुखवटा कशी झाकणार? तो कुठल्याच बाईकडे फिरकला नाही. दोन पेले घटाघटा रिचवले, दालनात एक येरझार घातली आणि नेमका तिच्यापुढे येऊन वाकला.

"नाचणार का, मुखवटेबाई?"

अस्सं! बायको घरी डोकं धरून पडलीय आणि याला हिरवा झगा दिसतोय! ओर्सोलाने मान डोलावली. बोल मेल्या, मनात म्हणाली ती, काय गुलूगुलू बोलायचंय ते एकदाचं बोल.

मुक्या मुखवट्याच्या बाईपाशी पुरुष भडाभडा बोलतात, हे तिला माहीत होतं. ती मधे तोंड घालत नाही, सल्ला देत नाही. धर्मगुरूपुढे जे ओठांवर येत नाही, ते इथे येतं. मार्कान्तोनियो नाचत नाचत तिला वाद्यांपासून लांब घेऊन गेला. मग मुखवट्यामुळे घोगऱ्या झालेल्या आवाजात त्याने विचारलं, "तुम्हाला मुलगी आहे?"

तिने होकार दिला.

"मलाही आहे. धाकटी. मठात शिकायला ठेवलीय. ईस्टरनंतर तिला घरी आणून लग्न लावायचं, म्हणून बायकोने कपडेसुद्धा शिवून ठेवलेत." तो हसल्यासारखा खोकला. "उद्या सकाळी कियारेता शपथ घेतेय. नन होतेय. जन्माची."

ओर्सोलाचे पाय नाचत राहिले. कानांवर मात्र तिचा विश्वास बसेना.

"थोरली मोठ्या घरात दिली, हुंड्यात होतं नव्हतं ते गेलं. धाकटीला तसं घर मिळणार नाही, आणि हलक्या घरात दिली तर मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. रोज दुपारी मठात जातोय तिची समजूत घालायला. पोरगी ऐकेचना. भेटीच्या खोलीतली जाळी धरून रडायची. आईला बोलवा, आईला बोलवा, एकच धोशा." त्याने तिचा हात घट्ट धरला. "शेवटी सांगून टाकलं, बाई गं, ही तुझ्या आईचीच इच्छा आहे. तू तिला घरात नको आहेस, म्हणून ती येत नाही. तेव्हापासून गप्प आहे. उद्या मुकाट हो म्हणेल."

माझ्या नावावर? माझ्या लेकराला, माझ्या नावावर?

"मार्कान्तोनियो!"

मुखवटा फरशीवर पडला. वाद्यं थांबली. तिच्या उघड्या चेहऱ्याकडे तो पाहतच राहिला, मुखवट्याच्या भोकांतले त्याचे डोळे विस्फारले. तेवढ्यात काठी वाजली. सगळं दालन वळलं, आणि सगळ्यांबरोबर तोही वळला.

"इकडे बघा! खोटं बोललात तुम्ही तिच्याशी! बघा माझ्याकडे!"

त्याची पाठ हलली नाही. "मुखवटा घाला, मुखवटेबाई," तो हळूच म्हणाला. "लोक खोळंबलेत."

मुखवटेबाई! पोटच्या पोरीच्या आईला! त्या पाठीवर बुक्के मारावेत, असं तिच्या मनात आलं. तिने मूठ उगारलीसुद्धा. आणि मग एकदम तिच्या ध्यानात आलं, की ती मुखवटा उचलत नाही तोवर यातला एकही माणूस वळणार नाही. तोसुद्धा नाही.

तिने मुखवटा तिथेच टाकला आणि पाठींमधून वाट काढत दाराकडे निघाली. मागे एक बूट फरशीला घासल्याचं तिने ऐकलं. लगेच कुणीतरी दटावलं, "मुखवटेबाई, नेम!" बूट थांबला. कारभारी भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याच्या पाठीमागून ती जिना उतरली आणि मिळेल त्या होडीत बसून मठाकडे निघाली.

अंधार पडायच्या आत मठाचं फाटक बंद होतं. ती पोचली तेव्हा द्वारपाल बाई कडी घालतच होती. ओर्सोलाने दारात पाय घातला आणि कियारेताला बोलावल्याशिवाय काढला नाही.

कियारेता जाळीपलीकडे आली. गालफडं बसलेली, डोळे कोरडे ठणठणीत. आईला बघून ती जवळ आली नाही.

"तू कशाला आलीस, आई?" ती म्हणाली. "मी हो म्हणणारच आहे."