छतातून गळालेला ‘आणि’

स्टेडियमवर छप्पर घालावे की न घालावे, या प्रश्नावर समितीने इतकी तोंडाची वाफ दवडली होती की तिचेच ढग होऊन पाऊस पडावा. विरोधी पक्षाचे पुढारी होते क्लबचे जुने गोलकीपर. “फुटबॉल हा आभाळाखालचा खेळ आहे!” असे ते टेबलावर मूठ आपटून सांगत. स्वतः मात्र आभाळ निरभ्र असेल तेव्हाच सामन्याला येत.

समितीवर भाषातज्ज्ञ म्हणून घेतलेल्या निवृत्त प्राध्यापकांना या तत्त्वज्ञानाचा मनस्वी तिटकारा होता. त्यांच्या थोरल्या बहिणीने तरुणपणापासून एकही घरचा सामना चुकवला नव्हता. तिची जागा मान्यवरांच्या सज्जाच्या पुढे, खालच्या उघड्या रांगेत. मागच्यांना दिसत नाही म्हणून छत्रीला बंदी, आणि रेनकोट घातला तरी पाणी मानेवरून आत शिरे ते शिरेच. गेल्या मोसमात तिची छाती भरली तेव्हा डॉक्टरांनी निक्षून सांगितले होते: पुन्हा भिजलात तर सामने बंद.

“ताई, या मोसमात तुझ्या डोक्यावर छत येणार म्हणजे येणार,” प्राध्यापकांनी शब्द दिला.

“भाषण नको ठोकूस, शहाण्या. छप्पर घाल.”

‘छप्पर’ हा शब्द प्राध्यापकांना टोचला. गोठ्याला असते ते छप्पर. निर्णायक बैठकीत ठरावाचा मसुदा समोर आला, त्यातही तोच शब्द दात विचकून बसलेला: ‘प्रेक्षक आणि मान्यवर यांच्या आसनांवर छप्पर घालण्यात यावे.’ प्राध्यापकांनी चष्मा पुसला. ‘छप्पर’ खोडून ‘छत’ केले. मग त्यांची नजर ‘आणि’वर स्थिरावली.

“अध्यक्षमहाराज, मान्यवर काय मैदानात उतरून चेंडू लाथाडतात?”

“छे हो सर. गुडघे कुठे राहिलेत आता?”

“म्हणजे तेही प्रेक्षकच. मग ‘प्रेक्षक आणि मान्यवर’ ही वर्गवारी तर्कदुष्ट आहे. मी तर पुढे जाऊन म्हणेन, या क्लबला आपला प्रत्येक प्रेक्षक मान्यवरच वाटला पाहिजे! तेव्हा वाक्य असे हवे: ‘मान्यवर प्रेक्षकांच्या आसनांवर छत घालण्यात यावे.’”

अध्यक्षांनी ते वाक्य ओठातल्या ओठात दोनदा घोळवले, आणि त्यांच्या मुद्रेवर असा काही आनंद फाकला, जसा प्राध्यापकांनी उभ्या हयातीत एकाही विद्यार्थ्याच्या मुद्रेवर पाहिला नव्हता.

“वा! याला म्हणतात भाषाप्रभुत्व!”

ठराव एकमताने संमत झाला. गोलकीपरांनीसुद्धा हात वर केला. आयुष्यात प्रथमच त्यांचा हात योग्य वेळी वर गेला होता. प्राध्यापकांना खरे तर तिथेच शंका यायला हवी होती. परंतु स्वतःचे वाक्य कानात घुमत असताना माणसाला दुसरे काही ऐकू येत नाही, आणि हा विकार विद्वत्तेच्या प्रमाणात बळावत जातो.

मोसम तोंडावर आला. काम पाहायला गेलेल्या प्राध्यापकांना पोलादी खांबांवरचे छत दिसले ते फक्त सज्जावर. बाकीचे स्टेडियम पूर्वीसारखेच उघडे, आ वासून पडलेले.

“उरलेलं कधी होणार?” त्यांनी अध्यक्षांना विचारले.

“उरलेलं कसलं, सर?”

“प्रेक्षकांवरचं!”

“मान्यवर प्रेक्षकांवर झालंय की. साध्या प्रेक्षकांचा ठरावात उल्लेखच नाही.” अध्यक्षांनी प्राध्यापकांच्या खांद्यावर आदराने हात ठेवला. “तुमचंच वाक्य. आम्ही एक मात्राही हलवली नाही. उलट पहिल्या सामन्याला तुम्ही सज्जात बसायचं. तुम्हाला मान्यवर नाही म्हणायचं तर कुणाला?”

प्राध्यापकांनी खुलासा लिहिला. विशेषण हे मर्यादा घालणारे आणि गौरव करणारे असे दोन प्रकारचे असते, येथे दुसरा प्रकार अभिप्रेत आहे, वगैरे. समितीने तो आदरपूर्वक वाचून आदरपूर्वक फायलीला लावला.

“पाऊस असेल तर नको येऊस,” ते बहिणीला म्हणाले.

“मोसमातला पहिला सामना, आणि मी घरी? तू डोक्यावर पडलास की काय?”

पहिल्या सामन्याला नेमके आभाळ फाटले. नव्या छताचा उतार पुढे केलेला, कारण मागे मान्यवरांच्या मोटारी उभ्या होत्या. अवघ्या सज्जाचे पाणी एकवटून जाड धारेने खालच्या रांगेवर कोसळू लागले. सज्जात बसलेले प्राध्यापक कठड्यापाशी धावले. खाली बहीण निथळत बसली होती. ते जिना उतरून तिच्यापाशी पोहोचले आणि आपला पास तिच्या हातात कोंबू लागले.

“ताई, वर जा. माझ्या जागेवर बस.”

“मी कुठली मान्यवर? तूच लिहिलंयस ना?” तिने पास परत केला. “आतापर्यंत माझ्या वाट्याचा पाऊस माझ्यावर पडायचा रे. आता तुमच्या वाट्याचाही पडतो.”

तिला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर तिने गळ्यातला क्लबचा मफलर काढला, पिळला, आणि सामना ऐन रंगात असताना उठली. इतक्या वर्षांत शेवटची शिट्टी होण्याआधी ती कधी उठली नव्हती.

“कुठे निघालीस?”

“घरी. यापुढे रेडिओवर ऐकेन. तिथे छप्पर आहे. तुझं छत राहू दे तुलाच.”

ती गेली. प्राध्यापक तिच्या रिकाम्या जागेवर बसले. धार नेमकी त्यांच्या टकलावर पडू लागली. सज्जातून गोलकीपर खाली वाकून ओरडले, “काय सर, आभाळाखालचा खेळ आहे की नाही?” वर हशा पिकला. तेवढ्यात ध्वनिक्षेपकावर अध्यक्षांचा आवाज घुमला:

“नव्या छताखाली बसलेल्यांपैकी एकही जण भिजलेला नाही, हे सांगताना समितीला अभिमान वाटतो.”

प्राध्यापकांनी सवयीने ते वाक्य मनातल्या मनात तपासले. त्यात एकही चूक नव्हती.