ऊर्जामहाराजांचा बल्ब

“पेटला! पेटला!” अंगणात एकच गिल्ला झाला. ऊर्जामहाराजांच्या मुठीत, ना तार ना बटण, बल्ब लख्ख पेटला होता. शेजारीपाजारी हात जोडून उभे. काहींनी तर चपलाही काढल्या.

“आता आत चला!” महाराज गरजले. दिवाणखान्यात तोच बल्ब ढिम्म. “पाहिलंत? छपरावरची ती सोलरची काळी पॅनेलं! आधी सूर्याची ऊर्जा पितात, मग घरातल्यांची. घरातल्या म्हातारीला उगाच दम लागतो होय? उतरवा ती. त्या जागी माझी सिद्ध शिळा बसवा.”

नवरोबांनी मान डोलावली, इतकंच नाही, शिडीही लावली. त्यांच्या बायकोच्या, घरच्या सुनेच्या, तळपायाची आग मस्तकात गेली. हे घर तिनंच आखलं होतं. रुंद छज्जे, पोकळ भिंती, वारा खेळेल अशा खिडक्या. त्यामुळे पंख्यादिव्यांना वीज लागायची जेमतेम. उरलेली बॅटरीत साठायची, सासूबाईंच्या प्राणवायूच्या यंत्रासाठी. गल्लीतली वीज रोजच दगा द्यायची. आणि हा भामटा त्यांचा श्वासच तोडायला निघाला होता!

“अहो, उतरा खाली. आईंचं यंत्र काय शिळेवर चालणार आहे?”

“तू गप्प बस. डोळ्यांनी दिसतंय ना!”

“मग मलाही नीट बघू द्या. महाराज, पुन्हा दाखवा.”

महाराजांना काय, आणखी चेव आला. तिनं निरखून पाहिलं. अंगणात त्यांची बोटं बल्बच्या बुडाला, घरात मात्र फक्त वरच्या गोळ्याला. हात्तिच्या! तिनं बल्ब हिसकावला आणि फरशी पुसायच्या ओल्या फडक्यावर बुडानं टेकवला. दिवाणखान्यातच, त्या पॅनेलांखाली, लख्ख उजेड!

“अगबाई! फडक्यालाही सिद्धी मिळाली. पडा पाया!”

“शक्तीची चेष्टा करू नका!” महाराज किंचाळले.

“कसली डोंबलाची शक्ती! वीज गेल्यावर लावायचा बल्ब आहे हा, दुकानात मिळतो. आत बॅटरी असते. बुडाशी दोन टोकं आहेत. ओलसर हात दोन्हींना लागला की पेटतो, सोडला की विझतो. करा हात पुढे, करून बघा.”

शेजाऱ्यांनी करून बघितलं. बल्ब सगळ्यांच्याच हातात पेटला, आणि महाराजांनी काढता पाय घेतला.

“नुसतं दिसलं म्हणून विश्वास ठेवू नका,” सून म्हणाली. “हातात घ्या, उलटंपालटं करा, विचारा.”

खाटेवरून सासूबाई धापा टाकत लेकाला म्हणाल्या, “अरे, त्याच्या हातातला दिवा दिसला तुला. माझ्या नाकातली नळी नाही दिसली?”

नवरोबांनी खालमानेनं जाऊन छपराला लावलेली शिडी काढली.